पेचकस

मीटरचा आकडा दोन लाख एकाहत्तर हजारांवर मेला,
सारंगखेड्याच्या यात्रेहून परतताना.
तेव्हापासून पिकअपचं वय
मी तेलाच्या रिकाम्या डब्यांवर मोजतो.
गच्चीवर बावीस डबे आहेत,
निम्म्यांत आईनं कोरफड लावलीय.

मागे ओढायचा तो जनरेटर,
दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला, हिरवा,
ताडपत्रीला जुन्या ट्यूबचे बंद.
लग्न चोपड्याला असो की बेटावदला,
उजेड आमच्या मागून येतो.
लोक नवरदेव बघतात,
मी हुकाची पिन बघतो.

साखळ्या नेहमी कातरीसारख्या:
डावी उजवीकडे, उजवी डावीकडे,
म्हणजे हुक सुटलाच
तर दांडा डांबराला न टेकता झोळीत पडेल.
हे रज्जाक पिंजारींनी शिकवलं,
अमळनेरला, धुळे रोडच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
आणि वर म्हणाले,
'गाडीले नावं ठेवू नको, भो.
ती आधीच सांगस.
आपलालेच आयकू येत नही.'

मग मी ऐकायला लागलो.
रोज सकाळी डिझेल फिल्टरच्या बुडाचा नट
अर्धा आटा ढिला करतो,
कान तुटक्या कपात पाणी उतरू देतो,
थेंब पिवळा झाला की आवळतो.
मे महिन्यात एअर फिल्टर झटकला
तर कुणाच्या तरी कपाशीचा अर्धा बांध निघतो.
चढ संपल्यावर लगेच चावी फिरवायची नाही,
टर्बोला दोन मिनिटं दम खाऊ द्यायचा.
बायको म्हणते, एवढं माझं डोकं दुखतं तेव्हा विचारत जा.
विचारतो.
आता विचारतो.

त्या रात्री कन्नडचा घाट उतरत होतो.
दुसरा गिअर, पाय ब्रेकवरून काढलेला.
न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे
या घाटात स्वतः वाचत नाहीत.
चौथ्या वळणावर मागून आवाज आला,
जात्यात खडा यावा तसा,
एकदाच.
मग नाही.
मग पुन्हा.

उतरलो. डाव्या हबला हात लावला
आणि हात झटकला.
खाली चाळीसगावचे दिवे दिसत होते,
त्यातला एक मांडव अजून काळा,
माझी वाट बघणारा.
फोन वाजत राहिला.
मी चाकांना दगड लावले आणि बसलो.

नवरदेव मोबाइलच्या उजेडात बोहल्यावर चढला म्हणे.
मुलीच्या मामानं चार हजार कापले,
शिवी दिली ती वेगळी.

रज्जाकभाई पहिल्या एसटीनं आले,
पिशवीत बेअरिंगचा जोड, ग्रीसचा डबा, आईच्या हातच्या दोन भाकरी.
जॅक लावला, चाक उचललं, जुनं बेअरिंग काढलं:
गोळ्या निळ्या पडलेल्या.
'आखो दोन किलोमीटर,' ते म्हणाले,
'मंग चाक तुन्हा पुढे निंघी जातं.'

मग उजव्या चाकाकडे गेले.
ते चाक गप्प होतं. मी तसं सांगितलंही,
दोनदा, मोठ्यानं.
त्यांनी लांब पेचकस काढला,
टोक हबला टेकवलं
आणि मूठ दातांत धरली.
डोळे मिटले.
'फिरव,' हातानं खूण केली.

तेव्हा कळलं.
चार वर्षं मी त्यांच्याशी बोलत होतो
आणि ते माझ्या ओठांकडे बघत होते.

चाक फिरत राहिलं.
'हाऊबी,' पेचकस काढून ते म्हणाले, 'दिवाळीलोंग.'

काल संध्याकाळी अंगणात
इंजिन चालू ठेवून मीही मूठ दातांत धरली.
लोखंडाची चव, त्यावर डिझेलची.
जबड्यातून कपाळापर्यंत काहीतरी चढत गेलं,
एकसारखं, आणि मध्येच एक बारीक ठोका
जो कानाला कधीच आला नव्हता.
तो ठीक आहे की नाही, मला माहीत नाही.
उद्या अमळनेरला जातो.
तेविसावा डबाही आणायचा आहे.